सिग्नेचर बेस : स्वाक्षरी नव्हे, निशाणी

प्रश्न असा आला आहे : ‘वाद्यांच्या एका दुकानाच्या जाहिरातीत “ओरिजिनल रेप्लिका सिग्नेचर बेस गिटार” असे शब्द दिसले. सिग्नेचर आणि रेप्लिका एकच का? मराठीत त्यांना काय म्हणावं? शिवाय बेस लिहावं की बास?’

शेवटचं आधी उरकतो. बेस गिटार म्हणजे बँडमध्ये खालचे, जाड सूर धरणारी गिटार. लिहायचं मात्र बेस. मूळ उच्चार तोच, आणि आपल्याकडे ‘बास’ म्हणजे पुरे झालं. बँडमधल्या बेसवाल्याला ते एरवीही ऐकावं लागतं. ‘बेस’ निदान गावाकडच्या बोलीत ‘छान’ या अर्थाने नांदतोय : ‘बेस झालं, पाऊस आला.’ देशी शब्दाचाच हट्ट असेल तर ‘खर्ज’ घ्या. तंबोऱ्याच्या जाड तारेला खर्जाची तार म्हणतातच. हा खर्ज म्हणजे आपला षड्ज. उत्तरेत ‘ष’चा ‘ख’ झाला आणि षड्जाचा खरज. ‘मंद्रतंतुवाद्य’ असलं काही घडवू नका, ते कोणी गळ्यात अडकवणार नाही.

आता वैतागाची गोष्ट. सिग्नेचर, रेप्लिका आणि साधी कॉपी या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि हल्ली जो तो त्या एकाच पिशवीत कोंबतो. वादकाच्या संमतीने, त्याच्या आवडीनिवडी विचारून कारखाना त्याच्या नावाची मालिका काढतो, ती सिग्नेचर. गिब्सन या अमेरिकन कारखान्याने १९५२ साली वादक लेस पॉलच्या नावाची गिटार काढली. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कारखान्याने हा रस्ता धरायला १९८८ उजाडवलं, तोही एरिक क्लॅप्टनच्या गिटारने. बेसवाल्यांचा नंबर १९९३ मध्ये स्टुअर्ट हॅमच्या ‘अर्ज’ (Urge) नावाच्या बेसने लागला. मग १९९८ साली गेडी ली आणि मार्कस मिलर, १९९९ साली जॅको पास्टोरियस. रेप्लिका मात्र एका विशिष्ट वाद्याची असते, त्याच्या ओरखड्यांसकट, उडालेल्या रंगासकट. आणि कॉपी म्हणजे कोणाला न विचारता काढलेला तोच आकार. एवढा फरक लक्षात ठेवला की जाहिरातीतले निम्मे घोळ आपोआप दिसतात.

मराठी शब्दाकडे वळू. ‘स्वाक्षरी गिटार’ रूढ करावी, अशी एका परिभाषाप्रेमींची सूचना माझ्या वाचनात आली. छापायला ठीक, वापरायला निरुपयोगी. कारण स्वाक्षरी गिटार म्हटलं की मराठी माणसाला कलाकाराने मार्करने सही ठोकलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली, लिलावात विकली जाणारी गिटार दिसते. ती वेगळी वस्तू आहे आणि तिला हा शब्द हवाच आहे. ‘सही’ घेतली तरी तोच अडसर. सही हा अरबी ‘सहीह’. मूळ अर्थ धड, निरोगी, अचूक. कागद तपासून ‘बरोबर आहे’ असं लिहायचे, ते लिहिणंच पुढे सही झालं. सहीसलामत मधला सही तोच, हिंदीतली सेहतही त्याच घरातली. गोड शब्द आहे, पण इथे कामाचा नाही.

कामाचा शब्द आहे निशाणी.

सतराव्या-अठराव्या शतकातले महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, उघडा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, आला की निवाड्याच्या कागदावर हजर असलेल्यांची नावं येतात आणि नावापुढे निशाणी येते. पाटलाची निशाणी नांगर. शेट्याची तराजू. न्हाव्याची आरसा. सुताराचं किंकरं. म्हणजे माणूस कागदावर स्वतःचं नाव काढत नव्हता, स्वतःचं हत्यार काढत होता. ज्या वस्तूवर त्याचा हात बसलेला आहे, ती वस्तू हीच त्याची ओळख, आणि गोतात तेवढी पुरत असे. सिग्नेचर बेस म्हणजे याहून निराळं काय आहे? जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेस (हे फेंडरचं एक मॉडेल) घ्या. त्याने पडदे उपटून काढले (सतारीला पडदे म्हणतो तर बेसलाच फ्रेट कशाला?), खाचा बुजवल्या आणि होडीला लावतात ते इपॉक्सी पट्टीवर चढवलं, म्हणजे तारांनी लाकूड खाऊ नये. त्या कडक मुलाम्यावरून येणारा तो गाणारा, घसरता स्वर कोणाचा आहे हे दोन सुरांत कळतं. वाद्याच्या डोक्यावर अक्षरं असोत नसोत. कागद काढला असता तर पुढे लिहिलं असतं : जॅको पास्टोरियस, निशाणी बिनपडद्यांचा बेस.

निशाणीवर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला व्युत्पत्तीचा : ‘निशाण’ हा संस्कृतच, फारसीचं काय कौतुक? संस्कृतात ‘निशान’ आहे, कबूल. त्याचा अर्थ धार लावणे. नांगर काढण्याशी विळ्याला धार लावण्याचा संबंध जोडणाऱ्यांना मी हात जोडतो. खूण या अर्थाचा निशान फारसी आहे, तो दरबारातून कागदावर आला. इतकं सरळ असताना आडवळण घ्यायची हौस काही विद्वानांना का असते, देव जाणे.

दुसरा आक्षेप जास्त चीड आणणारा : निशाणी निरक्षरांची असते, थोर कलावंताला ती कशी चालेल? हे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ वाचून वाढलेल्या पिढीचं म्हणणं. अंगठा कचेरीने आणला, नांगर त्याच्या आधीचा. पाटिलकीच्या वाटण्या पाहिल्यात तर नांगर कोणी काढायचा, वडील घराण्याने की धाकट्या, हा पान-टिळ्याइतका मानाचा मुद्दा होता. अक्षरओळख असो नसो, नांगर काढण्याचा हक्क सुटत नव्हता. आणि निरक्षरतेचाच मुद्दा असेल तर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता-वाचता येत नाही, हे तो स्वतः सांगतो. अंगठ्याबद्दल तर बोलूच नका. मार्कस मिलर १९७७ च्या जॅझ बेसवर उजव्या अंगठ्याने तार ठोकतो तेव्हा ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी राहते का? वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्कीने त्या बेसच्या पोटात प्रीअँप (आवाज वाढवणारं, घडवणारं यंत्र) बसवून दिला, त्याने तो ठोका टोकदार झाला, आणि १९९८ च्या मालिकेत फेंडरनेही प्रीअँप घातला. अंगठ्याची निशाणी, अगदी शब्दशः.

मॅकार्टनीचं उदाहरण माझ्या मताला आणखी बळ देतं. हॉफनर या जर्मन कारखान्याचा व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ हा बेस १९५६ पासून बाजारात होता; कारखान्याने तो कोणाचं नाव डोळ्यांपुढे ठेवून काढला नव्हता. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये पॉलने तो साधारण ३० पौंडांना घेतला, कारण खिसा हलका होता आणि डावखुऱ्याने उलटा धरला तरी दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने तो वेडाविद्रा दिसत नव्हता. करार नाही, सही नाही. तरी जग त्याला ‘बीटल बेस’ म्हणतं. स्वाक्षरीवाल्यांनी इथे काय करायचं? निशाणी मात्र चोख बसते. तो बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि मालकाकडे परत आल्याचं २०२४ साली जाहीर झालं. आला, पण दुरुस्तीला. म्हणजे सलामत, पण सही नव्हे.

(जॅकोचाही बेस १९८६ साली न्यूयॉर्कच्या बागेतून गेला. त्याआधी त्याने तो स्वतःच फोडला होता आणि कारागिरांनी तुकडे जोडून दिले होते. वीसेक वर्षांनी तो पुन्हा उगवला आणि मेटॅलिका या रॉक बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोच्या मदतीने जॅकोच्या घरच्यांशी तडजोड झाली. या चोऱ्यांवर वेगळं लिहायला हवं.)

रेप्लिकाकडे येतो. प्रश्नकर्त्याचा रोख असा दिसतो की ‘ओरिजिनल रेप्लिका’ हा वदतोव्याघात आहे. वर्तमानपत्रांतले भाषासुधारकही ‘अस्सल नक्कल’ची अशीच टिंगल करतात. त्यांनी जुनी दप्तरं चाळलेली नाहीत एवढंच त्यातून सिद्ध होतं. ‘नक्कल अस्सल बरहुकूम’ असा शेरा दप्तरात शेकड्यांनी सापडेल : मुळाप्रमाणे उतरवलेली प्रत. अस्सल म्हणजे मूळ, अरबीत अगदी झाडाचंसुद्धा. नक्कल म्हणजे मुळात हलवणं, एका जागेहून दुसरीकडे नेणं. उर्दूत ‘नक्ल-ओ-हरकत’ म्हणजे हालचाल. नक्कल करणं म्हणजे खोटं करणं नव्हे, मजकूर दुसऱ्या कागदावर नेणं. नाटकातल्या नकलाकारांनी शब्दाला टवाळी चिकटवली, पण सातबाराची नक्कल काढायला जाणारा शेतकरी अजून मूळ अर्थाने बोलतो. तेव्हा रेप्लिकाला ‘बरहुकूम नक्कल’ म्हणा, किंवा नुसतं ‘बरहुकूम’. ‘प्रतिकृती’ पुतळ्यांना आणि शाळेतल्या किल्ल्यांना राहू द्या.

बरहुकूम काय न्यायचं, हा प्रश्न मात्र खरा अवघड. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ चा प्रिसिजन बेस (हेही फेंडरचं मॉडेल) वाजवायचा. १९८३ साली त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी तो बेस चोरीला गेला. मग बरहुकूम करायचं ते कशाच्या? त्याच्या चपट्या वेढ्याच्या तारा तो जवळजवळ बदलतच नसे, पुलावरच्या (ब्रिज, जिथे तारा टेकतात) झाकणाखाली फोम असे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो सगळं वाजवी. ला बेला कंपनी त्याच्या नावाने (इंचाच्या हजाराव्या भागांत) ५२ ते ११० जाडीचा तारांचा संच विकते. म्हणजे निशाणी आता तारांवर उतरली. बोट विकत मिळत नाही.

ओरखडे पाडून विकायच्या गिटारींना ‘रेलिक’ म्हणतात. १९९५ मध्ये फेंडरने हा माल आणला आणि तो जुना दिसावा म्हणून व्हिन्स कनेटोने त्याच्यावर मेहनत घेतली. गोव्यातल्या लोकांना हा शब्द जुन्या गोव्याच्या बॉ जेझू बासिलिकेतल्या संत झेवियरच्या अवशेषांमुळे ठाऊक आहे, आणि तिथे त्याला जे पावित्र्य आहे ते इथे सँडपेपरने येत नाही. मराठीत आपल्याकडे ‘जुनवणे’ आहे. जून भेंडीतला जून. ‘जुनवलेला बेस’ म्हणा. त्यात कोणीतरी मुद्दाम जुना केलाय ही कबुलीही आली.

आणि कृपा करून सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक जपानी कॉपीला ‘लॉसूट’ (दाव्यातली) म्हणणं थांबवा. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली आयबानेझ या जपानी कंपनीच्या अमेरिकन वितरकाविरुद्ध दावा लावला तो हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारीच्या मानेच्या टोकाच्या, आकारावरून, आणि १९७८ मध्ये तो आपसात मिटला. बेसचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मूळ प्रश्न राहिलाच. सिग्नेचर आणि रेप्लिका एकच नव्हेत. गेडी लीने १९७८ साली अमेरिकेतल्या कॅलमझूमधल्या गहाणवटीच्या दुकानातून २०० डॉलरला घेतलेला १९७२ चा काळा जॅझ बेस हा अस्सल. फेंडरने १९९८ पासून काढलेला तो निशाणीचा. डागाला डाग जुळवून केलेला तो बरहुकूम. आणि न विचारता काढलेला तो कॉपी, त्याला ‘कॉपी’च म्हणा, तो शब्द शाळेपासून तोंडात बसलाय. ‘निशाणीचा’ जड वाटत असेल तर सतारवाल्यांची वाट धरा. तिथे खर्जाची तार ठेवणारी ती रविशंकरी आणि न ठेवणारी ती विलायतखानी, असं कोणत्याही कंपनीला न विचारता बोललं जातं. शिंदेशाही पगडीही याच चालीची. ‘जॅकोशाही बेस’ मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन म्हणून पाहा, कोणाला अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. जाहिरात लिहिणाऱ्याकडे नेमकी कोणती वस्तू होती ते जाहिरातीवरून कळत नाही. घ्यायच्या आधी दुकानात विचारा.