अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालं की राज्यांच्या हक्कांवरून? आणि दक्षिणेचा पराभव का झाला?

गुलामगिरीवरूनच झालं. ‘राज्यांचे हक्क’ ही हरल्यानंतरची सारवासारव आहे.

मी सहा वर्षं साउथ कॅरोलायनात, कोलंबियाला होतो. तिथल्या मराठी मंडळींत एक काका होते. तीस वर्षं तिकडे काढलेली, वाचन दांडगं, अडल्यानडल्याला धावून येणारे. एका शनिवारी आम्ही दोन गाड्या काढून चार्ल्स्टनला गेलो. माहिती सांगणाऱ्या बाई एका जुन्या भिंतीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, या विटेला हात लावून बघा. विटेच्या कडेला तीन खळगे होते, बोटांचे. साच्यातून काढलेली ओली वीट उन्हात वाळताना पलटावी लागते, आणि ते काम गुलामांच्या पोरांकडे असायचं. मी बोट ठेवून पाहिलं. माझी करंगळीसुद्धा त्या खळग्यात बसली नाही.

जेवताना काका म्हणाले, “हे लोक फार रंगवून सांगतात. आपल्याकडेही सालगडी होतेच की. आमच्या वाड्यावर चार होते, घरच्यासारखे राहायचे. आणि युद्ध काही गुलामांसाठी नव्हतं. जकातीवरून, म्हणजे परदेशी मालावरच्या करावरून होतं, राज्यांच्या हक्कांवरून होतं.”

माझे वडील यवतमाळ जिल्ह्यात चौदा वर्षं सालगडी होते. काकांना ते माहीत नव्हतं. मी गप्प राहिलो. मुलं समोर होती, आणि तिकडे मला पहिलं घर काकांनीच मिळवून दिलं होतं. पण घरी आल्यावर साउथ कॅरोलायनाचा 24 डिसेंबर 1860 चा जाहीरनामा काढला आणि त्याच रात्री वाचून संपवला. संघराज्यातून सगळ्यांत आधी फुटलेलं राज्य हेच. आम्ही का फुटतोय, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यात जकातीचा शब्द नाही. तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी तर गुलामाला राज्यातून नुसतं पलीकडे न्यायलाही बंदी केली, याचा राग आहे. म्हणजे न्यूयॉर्कने आपला हक्क वापरला तो यांना नको होता! त्या वेळी साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या सुमारे 7 लाख, त्यातले 4 लाख गुलाम. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे.

जकात वाढवणारा मॉरिल कायदा मार्च 1861 चा. तोवर सात राज्यं फुटून मोकळी झाली होती. त्याच महिन्यात फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हॅनाच्या सभेत म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, आणि आमच्या नव्या सरकारची कोनशिला या सत्यावर बसवलेली आहे. तीन आठवड्यांत चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झालं. हरल्यावर याच स्टीफन्सनी जाडजूड ग्रंथ लिहून सगळा वाद घटनेच्या तत्त्वाचा होता असं मांडलं. काकांचं म्हणणं तिथून आलेलं आहे.

दक्षिण का हरली, तर माणसं, कारखाने आणि रेल्वे उत्तरेकडे कितीतरी जास्त होती, बंदरांची नाकेबंदी झाली. हे कुठेही वाचायला मिळेल. तुम्ही आधी ते जाहीरनामे वाचा, दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे.

हेही खरं की उत्तर सुरुवातीला गुलाम सोडवायला लढत नव्हती, संघराज्य टिकवायला लढत होती. मेरिलँड, डेलावेअर, केंटकी, मिसूरी ही गुलामगिरीची राज्यं लिंकनच्या बाजूलाच होती, आणि 1 जानेवारी 1863 ची मुक्ततेची घोषणा त्यांना लागू नव्हती. दक्षिणेच्या बहुतेक साध्या शिपायांकडे स्वतःच्या मालकीचा एकही गुलाम नव्हता. पण युद्ध पुकारणारे कशासाठी फुटले, हे त्याने बदलत नाही.

आता सालगड्याचं. तुलना जोतीराव फुल्यांनीही केली. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना मोकळं केलं होतं. इथल्यांची बेडी तुटावी म्हणून ती तुलना होती, तिथली झाकावी म्हणून नव्हती. सालगड्याचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. उचल फिटेपर्यंत माणूस अडकायचा, आजारपणाचे खाडे कापले जायचे. घरच्यासारखं कोणी वागवत नव्हतं, काका. वडील गोठ्याशेजारी जेवायचे.

पण व्हर्जिनियात 1662 पासून कायदा होता की आई गुलाम तर मूलही जन्मापासून गुलाम. साउथ कॅरोलायनात 1740 पासून गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा होता. माझे वडील 1979 च्या पाडव्याला एका धन्याला रामराम करून दुसऱ्याकडे गेले. जूनमध्ये त्यांनी मला शाळेत घातलं. त्यासाठी त्यांना कुठल्याच धन्याला विचारावं लागलं नाही.