गोव्यात स्वीट विल्यमला फुलं का येत नाहीत?

तुम्ही म्हापशाला राहता, पाऊस गेल्यावर स्वीट विल्यमचं, म्हणजे त्या गुच्छागुच्छाने फुलणाऱ्या विदेशी फुलझाडाचं, बी लावलंत, झाडं हिरवीगार आहेत, पण मार्च उजाडला तरी कळी नाही; खत कमी पडतंय का, असं विचारलंय.

खत मुळीच कमी पडलेलं नाही. आता नत्र घातलंत तर नुसती पानंच माजतील. कमी पडतेय ती थंडी.

हे झाड मुळात दक्षिण युरोपाकडचं. जुन्या जाती पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका करतात, हिवाळा सोसतात आणि दुसऱ्या वर्षी फुलतात. त्यासाठी बरेच आठवडे चांगला गारठा लागतो. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपासच असतो. बी फ्रीजमध्ये ठेवून लावा, असं कुणी सांगेल, पण त्याने काम होत नाही. ही थंडी वाढलेल्या रोपाला मिळावी लागते, बियाला नव्हे.

म्हणून सगळा खेळ बियाच्या निवडीचा आहे. पाकिटावर ‘पहिल्याच वर्षी फुलणारी’ असं लिहिलेलीच जात घ्या. ‘वी विली’ ही वीतभर उंचीची, कुंडीला छान. ‘अमेझॉन’ नावाची मालिका उंच देठांची, फुलदाणीत ठेवायला उत्तम आणि उकाडाही त्यातल्या त्यात सोसणारी. गोव्यात ही झाडं एका हंगामाचीच धरून चालायचं. चवथ होऊन पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बी टाका. तेव्हा ऊन कडक असतं, म्हणून ट्रे सावलीत ठेवा आणि बी जेमतेम झाकेल एवढीच माती वर भुरभुरा. आठ-पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडा. जानेवारीच्या शेवटापासून फुलं धरतात.

मातीकडे मात्र नीट लक्ष द्या. आपली जांभ्याची लाल माती आंबट, आणि या झाडाला तटस्थ किंवा किंचित चुन्याची माती मानवते. तिसऱ्या खाऊन उरलेली कवचं धुवून, वाळवून, बारीक कुटून कुंडीमागे मूठभर मिसळा. पूड हळूहळू विरघळते, तेव्हा ती उशिरात उशिरा पावसाळ्यात तरी मातीत मिसळून ठेवलेली बरी. माती, जाड वाळू आणि गांडूळ खत समसमान घ्या. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली, अशी पूर्वेकडच्या पडवीची कडा या झाडाला फार आवडते.

पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर ओतू नका, कारण दमट हवेत तांबेरा लगेच धरतो. अधूनमधून खालची पानं उलटून बघा. विटकरी रंगाचे बारीक फोड दिसले तर ते पान तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. रोपं दाटीने लावू नका, दहा इंची कुंडीत दोन पुरेत.

एवढी मेहनत कशाला, असं वाटू शकतं. पण एकदा तो गुच्छ जवळून बघा: एकाच देठाच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पंधरा-वीस फुलं, प्रत्येक पाकळीची कड कात्रीने नक्षी कापल्यासारखी दातेरी, आणि मध्ये गडद किरमिजी वलय. काहींना लवंगेसारखा मंद वासही असतो.

बियाचा खटाटोप नको असेल तर डिसेंबरात नर्सरीतून साध्या डायँथसची कळ्या आलेली रोपं आणा. डायँथसची ही चिनी जात म्हणजे स्वीट विल्यमचंच भावंड, थंडीचा हट्ट न धरणारं. गुच्छ तेवढे दाट नसतात, पण फुलण्याची खात्री जास्त.

आता दारात असलेल्या झाडांचं म्हणाल, तर ती आपल्याकडे फुलण्याची आशा फार कमी, आणि जूनच्या पावसात बहुधा कुजतीलच. उटीकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या अंगणात लावायला द्या, तिथल्या थंडीत ती फुलू शकतील. नाहीतर उपटून कुंड्या मोकळ्या करा आणि कवचांची पूड मातीत आत्ताच घाला.