टीममध्ये सगळ्यांना आयडिया सुचतात, मला फक्त अडचणी दिसतात

ही तक्रार मी हल्ली इतक्यांदा ऐकतेय की शेवटी लिहायलाच बसले. माणसं वेगवेगळी, कामं वेगवेगळी, पण वाक्य तेच. "मॅडम, मी क्रिएटिव्ह नाहीये. बाकीचे धडाधड आयडिया टाकतात आणि मी आपली म्हणते, अहो पण असं झालं तर काय करायचं." आणि गंमत बघा, असं म्हणणारी बहुतेक माणसं आपल्या कामात अगदी पक्की असतात, काही अडलं की टीम यांनाच शोधत येते.

त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिची टीम म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देणारं ॲप बनवत होती. ही टेस्टिंगला. अप्रेझलमध्ये मॅनेजरने लिहिलं होतं की चौकटीबाहेर विचार करत नाही, आणि ते वाचल्यापासून बाईंची झोप उडाली होती. नोकरी बदलू का, क्रिएटिव्हिटीचा कोर्स करू का, सगळं विचारून झालं.

मी तिला एवढंच म्हटलं, "तुमच्या टीममधली लोकांना सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली, ती कशी झाली ते पहिल्यापासून सांगा."

"ती आमच्या एका सहकाऱ्याची आयडिया. अलार्मऐवजी मुलाच्या किंवा नातीच्या आवाजात रेकॉर्डिंग वाजतं, 'आजी, गोळी घे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, आजी आवाज बंद करायला 'घेतली' हे बटण दाबेल आणि गोळी तशीच राहील. सगळ्यांचे चेहरे पडले."

"मग?"

"मग काही नाही, मीच बसून बघितलं. ते बटण काढलं आणि तिथे त्या वेळच्या गोळ्यांची चित्रं टाकली, खऱ्या रंगाची, जी घेतली तिच्यावर बोट ठेवायचं. म्हणजे गोळी हातात घेऊन बघावीच लागते ना."

"ही आयडिया कुणाची?"

"ही कुठे आयडिया आहे, हा तर बग होता, मी फक्त सोडवला."

इथे मी तिला थांबवलं आणि तेच वाक्य परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना ती मधेच अडकली, गप्प झाली, आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे चित्रं नसती तर आवाज वाजला असता, पण गोळी पोटात गेलीच नसती." इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला असे क्षण सगळ्यात जास्त आवडतात. मी काही शिकवलं नव्हतं, तिचंच काम तिच्यासमोर नीट मांडलं होतं.

मी या बाबतीत मायकेल कर्टन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाला मानते. त्यांनी १९७६ मध्ये मांडलं की माणूस किती हुशार आहे हा एक प्रश्न आणि तो कुठल्या पद्धतीने प्रश्न सोडवतो हा वेगळाच प्रश्न. काहीजण असलेली व्यवस्था हातात घेऊन ती सुधारत सुधारत पुढे नेतात, काहीजण व्यवस्थाच उलटीपालटी करून बघतात, आणि बरेचसे मधे कुठेतरी असतात. दोन्ही टोकांना हुशार माणसं सापडतात, सामान्यही सापडतात. आपण मात्र दुसऱ्या टोकालाच क्रिएटिव्ह म्हणायची सवय लावून घेतलीय आणि पहिल्या टोकाच्या माणसांना उगाच कमीपणा वाटत राहतो.

तिला मी पेनिसिलिनची गोष्ट सांगितली. शास्त्रज्ञ फ्लेमिंगना बुरशी जंतूंना मारते हे दिसलं १९२८ मध्ये, पण त्याचं औषध होण्याचं काम ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी या शास्त्रज्ञाच्या टीमने केलं तोपर्यंत १९४० उजाडलं. त्या टीममध्ये अर्न्स्ट चेन होते, मोठी झेप घेणारे, आणि नॉर्मन हीटली होते, शांतपणे जुळवाजुळव करणारे. पेनिसिलिन शुद्ध करताना हातातच नासून जायचं. हीटली म्हणाले, आम्ल पाण्यातून ते ईथर या द्रवात येतंय ना, मग आम्लता कमी केलेल्या पाण्यात परत घेऊया. चेनना ते पटेना, इतकं साधं कसं चालेल. पण चाललं. युद्धाच्या दिवसांत बुरशी वाढवायला भांडी पुरेनात तेव्हा हॉस्पिटलची बेडपॅन वापरली, आणि पुढे हीटलींनी तशाच धर्तीची सिरॅमिकची भांडी शेकड्यांनी बनवून घेतली. दोघांचं आपसात जमायचं नाही, म्हणून हीटली चेनच्या हाताखाली न राहता थेट फ्लोरींना रिपोर्ट करायचे. फ्लोरींनी दोघांनाही धरून ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलींना ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिली १९९० मध्ये.

ती म्हणाली, "म्हणजे माझंही असंच होणार, कुणाला कळणारच नाही?"

रास्त प्रश्न आहे, आणि इथेच खरं काम सुरू झालं. कर्टन म्हणतात की टीमपुढे नेहमी दोन प्रश्न असतात, एक ज्यासाठी टीम जमलीय तो, आणि दुसरा एकमेकांना सांभाळून घेण्याचा. दुसऱ्यातच सगळी ताकद गेली की पहिला तसाच पडून राहतो. तिच्या टीमचं नेमकं तेच चाललं होतं. तिचं बोलणं बरोबर असायचं पण वेळ चुकायची, आयडिया नुकती तोंडातून बाहेर पडतेय तोवर हिचं "पण" तयार. समोरच्याला वाटायचं ही मोडता घालतेय.

म्हणून मी तिला स्वभाव बदलायला सांगितलं नाही. रोज दुसऱ्याच्या पद्धतीने विचार करायचा म्हटलं तर माणूस थकून जातो, थोडा वेळ जमतं, कायम नाही. बदललं ते फक्त बोलणं. "हे चालणार नाही" ऐवजी "हे चालवायचं तर अमुक लागेल." आणि तोडगा सुचला की तो मीटिंगमध्ये स्वतःच्या नावाने मांडायचा, गुपचूप दुरुस्त करून टाकायचा नाही. हे दुसरं तिला जास्त जड गेलं, कारण स्वतःचं सांगणं म्हणजे मिरवणं असं डोक्यात बसलेलं.

आयडिया टाकणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, अडचण काढणारा माणूस तुमची आयडिया गंभीरपणे घेतोय म्हणूनच तिच्यात इतका खोल शिरतोय. त्याला मीटिंगच्या आदल्या दिवशी आयडिया पाठवून ठेवा, मग बघा तो काय घेऊन येतो. तिचा तो सहकारी आता असंच करतो. अजूनही दोघांची तणातणी होते, तो घाईत असतो आणि हिला घाई खपत नाही, पण आता भांडण कामावर असतं, एकमेकांच्या अकलेवर नाही.

अप्रेझलमधला शेरा मात्र तसाच आहे. त्या गोळ्यांच्या चित्रांचं काम पुढे ठेवून मॅनेजरशी कसं बोलायचं, याची तयारी आम्ही सध्या करतोय.