चष्म्याचा नंबर काढताना ‘हे बरं की ते?’ असं पुन्हापुन्हा का विचारतात? दोन्ही सारखंच दिसलं तर काय सांगायचं?

‘सारखंच’ असंच सांगा! तेच तर हवं असतं.

मशीनवर हनुवटी टेकवून निघतो तो सिलिंडरचा, म्हणजे एका ठरावीक कोनातल्या दोषाचा, नंबर फक्त सुरुवातीचा अंदाज. पुढे दांडीचं छोटं भिंग डोळ्यासमोर धरून उलटंपालटं करतात, ते जॅक्सन क्रॉस सिलिंडर. आधी अ‍ॅक्सिस, म्हणजे सिलिंडरचा कोन, तपासतात. भिंगाची दांडी त्या कोनावर धरून पलटी मारली की एकदा अक्षर जरा बरं दिसतं, एकदा जास्त पसरतं. बरं दिसलं त्या बाजूला कोन थोडा सरकवायचा, पुन्हा पलटी. दोन्ही बाजू सारख्याच धूसर झाल्या की कोन सापडला. मग तसंच सिलिंडरची पॉवर कमीजास्त करून बघतात. सिलिंडर 0.50 ने बदलला तर स्फेरिकल, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा असलेला, नंबर 0.25 ने उलट दिशेला हलवावा लागतो. घाईत नेमकं हेच राहून जातं.

कोनावर एवढा वेळ घालवणं बरोबरच आहे. 10 अंश चुकला तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो, 30 अंश चुकला तर काही फायदाच नाही. सिलिंडर मोठा असेल तर दोन-तीन अंशही जाणवतात.

आणि हो, या चाचणीत दोन्ही वेळा थोडं धूसर दिसणारच. स्वच्छ कोणतं ते शोधत बसू नका, कमी वाईट कोणतं ते सांगा.