चाळिशीत दातांना मागून तारा बसवता येतात का?

येतात. हिरड्या आणि हाड धड असेल तर वयाची आडकाठी नाही. या तारा दातांच्या मागे, जिभेच्या बाजूने चिकटवतात, म्हणून चारचौघांत दिसत नाहीत. जिभेला मात्र चांगल्याच कळतात! पहिले दोन-तीन आठवडे जीभ सोलवटते, ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतात. जत्रेतल्या नाटकाच्या तालमीत मी ‘शस्त्र’ म्हटलं आणि सगळी मंडळी हसत सुटली. टोचेल तिथे डॉक्टरांनी दिलेलं मेण लावायचं. खाजं, चिक्की असलं कडक-चिकट खाणं बंद. या तारा सहसा प्रत्येक दाताच्या मापाने घडवतात, त्यामुळे बाहेरच्या तारांपेक्षा खर्च बराच जास्त. आधी गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवून घ्या. आणि तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, चुकवू नका, दात परत सरकतात.