पालिकेच्या हातात काय आहे, ते कॅज्युअल्टीत दिसतं

पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली, मग मुंबईतली मारहाण, खून कमी करायला महापालिका काय करणार, असं तुम्ही विचारलंय. रस्त्यावरचे बंद पडलेले दिवे, ओसाड इमारती, सार्वजनिक शौचालयाची अंधारी वाट, हे आहेच. पण मी बावीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात नर्स होते. मला पहिली आठवते ती कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या रुग्णांचा विभाग.

रात्री अकरानंतर बाई यायची. "बाथरूममध्ये घसरले, सिस्टर." घसरलेलं माणूस बहुतेक वेळा तळहात टेकतं. हिला वळ कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला. मार चुकवायला हात वर केला की तिथेच बसतो. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर नवराच देणार. आम्ही त्याला म्हणायचो, "जा, केसपेपर काढून आणा." तेवढ्या पाच मिनिटांत पडदा ओढून विचारायचं, "घरी कोणी हात उगारतं का?" कितीजणी त्या प्रश्नाची वाटच बघत असायच्या.

हे विचारायचं असतं, हे आम्ही शिकलो 'दिलासा' या मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रामुळे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिकेने 'सेहत' या संस्थेबरोबर २०००-०१ मध्ये हे केंद्र उघडलं. रुग्णालयाच्या आतच चालणारं असं ते देशातलं पहिलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला २००५ मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही केंद्रं निघाली. तिथल्या समुपदेशक पोलीस तक्रारीचा आग्रह धरत नाहीत. तिच्या शब्दांत नोंद होते, ती पुढे कोर्टात कामी येते. घरी जाणं धोक्याचं असेल, तर तिला वॉर्डातच ठेवून घेता येतं.

घरातली मारहाण हा हिंसक गुन्हाच आहे, आणि खुनापर्यंत कोणी एका दिवसात पोचत नाही. आधी थप्पड, मग फ्रॅक्चर, मग भाजलेली. तोवर तीच बाई आमच्याकडे तीनदा येऊन गेलेली असते, पोलीस ठाण्याची पायरी मात्र एकदाही चढलेली नसते. म्हणून मी म्हणते, पालिकेला गुन्हा पोलिसांच्या आधी दिसतो.

एक गोष्ट अजून सलते. आमच्याकडे समुपदेशक ओपीडीच्या वेळेत बसायच्या. मार रात्रीचा. नगरसेवकाकडे पाणी आणि गटाराचं गाऱ्हाणं घेऊन जाल तेव्हा हेही विचारा: आपल्या रुग्णालयात रात्रपाळीला समुपदेशक कोण असते?