हापसालूला जाताय तर एक रात्र राहाच

एस्टोनियाची राजधानी तालिन, तिथून फिरायला एक दिवस हाताशी आहे, आई-बाबा सोबत आहेत, तर समुद्रकाठच्या पार्नू गावाला जावं की हापसालूला, असं तुम्ही विचारलंय. वाळूत लोळायचं आणि पोहायचं असेल तर पार्नू. पण बाबांचे गुडघे दुखतात आणि आईंना विणकामाची आवड आहे, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून मी डोळे मिटून हापसालू सांगेन. फक्त एका दिवसात उरकू नका, रात्री मुक्काम करा. मी हेलसिंकीत राहते, चारदा जाऊन आले. पहिल्या वेळी संध्याकाळची बस पकडून परतले, त्याची हळहळ अजून आहे.

तालिनपासून अंतर साधारण 100 किलोमीटर, बसने दीड-दोन तास. प्रवासी रेल्वे 1995 मध्ये बंद झाली, पण बस उतरवते ती जुन्या स्टेशनपाशीच. तिथून लगेच पुढे निघू नका. रशियाचा झार आणि त्याचा लवाजमा पावसात भिजू नये म्हणून बांधलेला, 216 मीटर लांब छताचा तो लाकडी फलाट सावकाश चालत बघा. आत रेल्वेचं संग्रहालय आहे.

झार इथे यायचा कशासाठी? चिखलासाठी! इथली खाडी उथळ आणि तिन्ही बाजूंनी बंदिस्त. मोठ्या लाटा नाहीत, त्यामुळे तळाशी मऊ, काळा गाळ साचतो. गावकरी दुखऱ्या सांध्यांना तो लावतात, हे डॉ. कार्ल अब्राहम हुन्नियस यांनी पाहिलं आणि 1825 मध्ये चिखल-उपचारांचं केंद्र काढलं. मग पीटर्सबर्गचे बडे लोक उन्हाळा घालवायला येऊ लागले. पोहायला कुचकामी असलेलं गुडघाभर पाणी गावाच्या असं पथ्यावर पडलं. आजही गरम चिखलाचे लेप मिळतात. वेळ आधी ठरवून घ्या, आणि बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. माझ्या सासूबाईंनी लेप घेतला होता. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण त्या संध्याकाळी त्या जिन्याचा कठडा न धरता उतरल्या.

आईंना कार्या रस्त्यावरच्या लेस केंद्रात न्या. हापसालूची शाल इतक्या बारीक लोकरीची असते की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येते. मधला भाग आणि कडेची झालर वेगवेगळी विणून मग हाताने जोडतात. नक्षीत उठून दिसणाऱ्या बारीक गाठींना तिथे ‘नुप्प’ म्हणतात. विणणाऱ्या बाई ते समोर करून दाखवतात. भाषा आडवी येत नाही, सुया हातात असलेल्या दोन बायका एकमेकींना बरोबर समजतात.

शाकाहारी असाल तर ‘कामा’ मागा. राय, ओट, बार्ली आणि वाटाणे भाजून केलेलं हे पीठ आंबट दुधात कालवून खातात. आपल्या सातूच्या पिठाची आठवण येतेच.

संध्याकाळ मात्र समुद्राकाठच्या फिरण्याच्या वाटेसाठी राखून ठेवा. सपाट वाट, बसायला बाकं, 1898 सालचा लाकडी कुरसाल, म्हणजे उपचारांसाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीचं सभागृह. पुढे रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या आठवणीचा दगडी बाक आहे. 1867 चा उन्हाळा त्याने इथे काढला आणि ‘हापसालची आठवण’ या नावाच्या तीन पियानोरचना केल्या. त्यातल्या पहिलीचं नाव ‘किल्ल्याचे अवशेष’. ऑगस्टमध्ये नऊच्या सुमाराला सूर्य त्या स्थिर पाण्यावर टेकतो. दिवसभराची गर्दी तोवर परतलेली असते. यासाठीच मी मुक्काम म्हणतेय.

चायकोव्हस्कीच्या रचनेतला तो किल्ला गावातच आहे, तेराव्या शतकातला, बिशपचा. मुलाच्या वेशात किल्ल्यात राहिलेल्या एका मुलीला भिंतीत चिणलं, अशी दंतकथा आहे. ऑगस्टच्या पौर्णिमेला किल्ल्यातल्या चर्चच्या खिडकीत तिची पांढरी आकृती दिसते म्हणतात, आणि ती बघायला त्या दिवसांत उत्सव भरतो. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली नारळी पौर्णिमाच असते. तेव्हा कॅलेंडर बघा, आणि तुमच्या तारखा तिच्या आसपास येत असतील तर खोली आजच ठरवून टाका.